काउंटरवरची काच

तुम्ही एका माणसाच्या तोंडचा घास काढून घेतलात, आणि वर सांगितलंत की हे त्याच्याच तब्येतीसाठी आहे.

तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. नगरपालिकेच्या हुकमावर ज्यानं सही केली त्याला आपली सही ओळखता येते. दोनोस्तिया शहराच्या जुन्या वस्तीतल्या एकूण एक बारच्या काउंटरवर तुम्ही काच चढवायला लावलीत. पिंचो, म्हणजे काउंटरवर मांडलेले ते घासभर पदार्थ, काचेच्या आत, गिऱ्हाईक बाहेर. गिऱ्हाइकानं रांगेत यायचं, तोंडानं मागायचं, मग बारवाल्यानं चिमट्यानं उचलून बशीत घालायचं. तुमच्यातलं कोणी संध्याकाळी त्या काउंटरला कोपर टेकून कधी उभं राहिलंय का, देव जाणे. राहिलं असतं तर बालेंदिन लेर्चुंदी तुम्हाला भेटला असता, आणि मग ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

बालेंदिन प्लंबर. अर्धं आयुष्य त्यानं याच गल्ल्यांतल्या बारच्या मोऱ्या आणि नळ दुरुस्त करण्यात घालवलं. आता सत्तरी उलटली. दोन वर्षांपूर्वी त्याचे शब्द गळायला लागले. आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची, आणि गेल्या हिवाळ्यात उरलेलं सगळंच. बोलत नाही. तुम्ही बोललात तर तोंडाकडे बघतो, हसतो, आणि कळलं नाही हे तुम्हाला कळू नये म्हणून मान डोलावतो. सभ्य माणूस आहे. आजारानं सगळं नेलं, सभ्यपणा तेवढा ठेवला, आणि त्या सभ्यपणानंच पुढं घात केला.

घरी तो जेवायचा बंद झाला. मुलगी इदुर्रे पुढ्यात ताट ठेवी, तो ताटाकडे बघे आणि हात मांडीवर ठेवून बसून राही. चमचा ओठाला लावला तर तोंड फिरवी. इदुर्रे शाळेत शिकवते, चार वर्गांची पोरं गप्प करते, पण बापाच्या तोंडात सूपचा एक चमचा घालताना रडकुंडीला यायची.

पण संध्याकाळची फेरी त्याची सुटली नव्हती. टोळी पाच जणांची होती, आता तिघंच उरले होते. बालेंदिन, बस चालवून निवृत्त झालेला गाश्पार, आणि चोमिन, ज्यानं आयुष्यात नक्की काय काम केलं हे त्याच्या बायकोलाही नीट सांगता येत नाही. तिघांची वाट ठरलेली. आधी फेलिशाचा बार, तिथं बटाट्याचं ऑम्लेट. मग कोपऱ्यावर लसणात परतलेली आळंबी. मग चर्चच्या मागं खारवलेली अँचोवी मासळी आणि हिरवी मिरची टोचलेली काडी. एका बारमध्ये एकच तुकडा, एकच पेला, आणि पुढं. कोणी दुसरा तुकडा उचलला तर चोमिन विचारायचा, "का रे, घरी वाढत नाहीत?" उचलायचं ज्याचं त्यानं, आणि निघताना काय खाल्लं ते सांगायचंही ज्याचं त्यानं. फेलिशानं आजवर कोणाला खरं का खोटं विचारलेलं नाही.

या फेरीत बालेंदिन जेवायचा. गाश्पारनंच ते आधी हेरलं. काउंटरपाशी आला की बालेंदिनचा हात आपला आपण पुढं जाई, ऑम्लेटच्या थाळीतला कडेचा तुकडा नेमका उचली, आणि तोंडात. डोक्याला विचारायची गरजच नाही. पन्नास वर्षांची सवय डोक्यात नसते, कोपरात असते. तीन बार म्हणजे तीन घास, त्यात पाव, त्यात बटाटा, अंडं, मासा. डॉक्टर म्हणाले, चालेल, असंच चालू द्या.

"काका, तुमच्यावर आहे हे," इदुर्रे गाश्पारला म्हणाली होती. "वजन आणखी उतरलं तर मी त्यांना एर्रेंतेरियाच्या वृद्धाश्रमात ठेवणार. तिथं नळीनं भरवतात. मला ते बघवणार नाही, पण उपाशी मेलेले त्याहून बघवणार नाहीत."

"नळी कशाला? मी आहे ना," गाश्पार म्हणाला. "रोज भरवीन."

असा शब्द दिला. आणि दुसऱ्याच आठवड्यात तुमची काच आली.

त्या सोमवारी झिमझिम पाऊस होता. तिघं फेलिशाच्या बारमध्ये शिरले आणि दारातच थांबले. काउंटरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत छातीएवढी काच. खाली जमिनीवर पिवळे बाण चिकटवलेले. बाणांवर पर्यटक उभे. काचेच्या आत ऑम्लेट, क्रॅब घातलेले पाव, ऑलिव्हच्या काड्या, सगळं दवाखान्यातल्या बाळांसारखं मांडून ठेवलेलं.

"दागिन्यांचं दुकान काढलंस की काय?" चोमिन म्हणाला. "ते अंडं किती कॅरटचं आहे?"

"गप बस," फेलिशा म्हणाली. तिचं वय यांच्याइतकंच, पण अजून एका हातानं पेले भरते आणि दुसऱ्यानं हिशेब करते. "सकाळपासून हेच ऐकतेय. नगरपालिकेचा माणूस दोनदा येऊन गेला. काच उचलली तर दंड, दुसऱ्यांदा उचलली तर महिनाभर टाळं. माझं वय आहे का टाळं झेलायचं?"

बालेंदिन बाणबिण बघत नाही. तो सरळ काउंटरकडे गेला, आपल्या नेहमीच्या जागी, कॉफीच्या मशीनपाशी. हात पुढं गेला आणि काचेवर आपटला. ठक. त्यानं हात मागं घेतला. बोटांकडे बघितलं. परत पुढं केला. ठक. मग त्यानं तळवा काचेला लावून तसाच ठेवला, आत बघत.

"ओ, रांग मागं आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"तुमच्या आजोबांना सांगा रांगेचं," गाश्पार म्हणाला, आणि फेलिशाकडे वळला. "तू दे ना त्याला एक. कडेचा दे."

फेलिशानं चिमट्यानं कडेचा तुकडा उचलला, बशीत घातला, बशी काचेवरून बालेंदिनपुढं ठेवली. बालेंदिननं बशीकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं. बशी कोणाची, याचा तो शोध घेत होता. आपण उचललेली नाही म्हणजे आपली नाही. दुसऱ्याच्या बशीला हात लावायचा नाही हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. शेजारी एक जर्मन बाई उभी होती. त्यानं बशी अलगद तिच्यापुढं सरकवली आणि मान लववली.

बाईनं हसून आभार मानले, आणि खाल्लं.

चोमिन इतका हसला की त्याला ठसका लागला. गाश्पारला हसू आलं नाही. त्यानं दुसरी बशी मागितली. "तुझं आहे हे. तुझं. खा." बालेंदिननं मान डोलावली, हसला, आणि परत तळवा काचेला लावला. गाश्पारनं तुकडा हातात घेऊन त्याच्या तोंडाशी नेला. इदुर्रेच्या चमच्याला फिरवायचा तसंच त्यानं तोंड फिरवलं. आता भरल्या बारमध्ये सगळी माणसं बघत होती की एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला काय भरवतोय. गाश्पारनं तुकडा बशीत टाकला.

"चल," तो म्हणाला. "दुसरीकडे बघू."

दुसरीकडे काय वेगळं असणार? आळंबीच्या बारमध्येही काच. तिथला पोरगा तर म्हणाला की काउंटरवर आता मिळतच नाही, ऑर्डर टेबलावर घेतो, टेबलावर उघडं आणून देतो.

उघडं, एवढं एकच गाश्पारनं ऐकलं. आणि इथं त्यानं ती चूक केली. परगावच्या माणसानं करावी अशी ती चूक, आणि इथं जन्मलेल्या माणसाला ती आधी कळायला हवी होती. त्यानं बालेंदिनला खुर्चीवर बसवलं.

फेरीत बसत नाहीत. पन्नास वर्षांत तिघांपैकी कोणी बारमध्ये बसलेलं नाही. फेरीत बसतात ते दोनच, ज्याला चक्कर आली तो आणि जो पाहुणा आहे तो. चोमिननं त्याला सांगितलंसुद्धा, "अरे, बसवतोस काय त्याला?" पण गाश्पारच्या डोक्यात वजनाचा काटा होता. त्यानं एकदम सगळंच मागवलं. आळंबी, कोळंबी, खेकड्याचं पिंचो, कॉड मासा, मिरची. टेबल भरलं. वाटलं, एवढ्यातलं काहीतरी जाईल पोटात.

बालेंदिन खुर्चीत ताठ बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या भरल्या टेबलाकडे त्यानं कोणाच्या तरी मयतानंतरच्या जेवणाला आल्यासारखं बघितलं. पाच मिनिटं तसाच बसला. मग उठला, टोपी घातली, कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावली, आणि निघाला. बसून झालं, म्हणजे संध्याकाळ संपली. रस्त्यावर येऊन तो घराच्या दिशेनं चालू लागला.

गाश्पार पळत मागं गेला. "अरे थांब. अजून खाल्लं कुठं?" बालेंदिन चालतोच आहे. "थांब म्हणतो ना." त्यानं त्याची बाही पकडली. बालेंदिननं सोडवायला बघितलं. गाश्पारनं आणखी आवळली आणि भर रस्त्यात ओरडला, "खा की रे बाबा एकदाचं. एक घास. मी तुझ्या पोरीला काय सांगू?"

बालेंदिन थबकला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो गाश्पारला घाबरला होता. बाही आपल्याकडे ओढून घेत तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, लहान मूल उभं राहतं तसा. ज्याच्याबरोबर त्यानं शाळेतून पळून पहिली सिगारेट ओढली, त्या माणसाला तो घाबरला होता.

गाश्पारनं हात सोडला. चोमिन टेबलावरचं निस्तरून मागून आला. त्यानं काही थट्टा केली नाही. बालेंदिनच्या खांद्यावर हात टाकून एवढंच म्हणाला, "चल गड्या, घरी. आज हा बिल्बाओच्या दांडग्यांसारखा वागतोय."

चार दिवस असेच गेले. रोज संध्याकाळी ठक, ठक. घरी गेल्यावर इदुर्रे दारात विचारायची, "खाल्लं?" गाश्पार पहिल्या दिवशी "थोडं" म्हणाला, दुसऱ्या दिवशी बालेंदिनला आत सोडून तसाच जिना उतरला. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही. बालेंदिनच्या कोटाची गळपट्टी मानेपासून सुटी दिसायला लागली होती.

पाचव्या दिवशी फेलिशानंच तोंड उघडलं. बार नुकता उघडला होता, गर्दी व्हायची होती. ती बालेंदिनचा काचेवरचा तळवा बघत होती. तळव्याच्या जागी काचेवर रोज एक डाग पडे आणि रात्री ती तो पुसे.

"आतल्या बाजूनं काच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मला हात घालायला मोकळं आहे ना. बाहेरून काच, आतून उघडं. याला आत आण."

"आत गिऱ्हाईक चालत नाही, ते पण लिहिलंय त्यांनी," चोमिन म्हणाला.

"हा गिऱ्हाईक आहे का? या काउंटरखाली जितका हा झोपलाय तितकी मी झोपले नसेन. त्या सिंकचा पाइप यानं पाच वेळा काढला आणि पाच वेळा चुकीचा बसवला."

तिनं फळी उचलली. बालेंदिन वाकून आत गेला, जसा अवजारांची पेटी घेऊन जायचा तसा. आधी त्यानं सिंकखाली डोकावून बघितलं. मग सरळ झाला, काउंटरकडे वळला, आणि हात आपला आपण पुढं गेला. आडवं काही आलं नाही. ऑम्लेटचा कडेचा तुकडा उचलला, तोंडात घातला, चावला, गिळला. फेलिशानं त्याच्यापुढं चाकोली वाइनचा पेला सरकवला. तो प्यायला, पेला खाली ठेवला, आणि निघायला लागला.

"आणखी एक," गाश्पार पुटपुटला. "आणखी एक घे रे."

"एका बारमध्ये एकच," चोमिन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण जीभ तीच. "घरी वाढत नाहीत का त्याला?"

मग फेलिशानं चर्चमागच्या बारवाल्याला जाऊन सांगितलं, की तुझ्या मोरीचं काम ज्यानं फुकट केलं तो येतोय, त्याला आत घे. तो तयार झाला. कोपऱ्यावरचा पोरगा नाही झाला, त्याला मालकाची भीती. पण दोन बार, दोन घास. पुढच्या आठवड्यात दोनाचे तीन झाले, कारण फेलिशा आपल्या हातानं अँचोवीची काडी त्याच्या कोटाच्या खिशात खोचायची आणि पुलापाशी त्याचा हात ती शोधून काढायचा. इदुर्रेनं एका संध्याकाळी दारात गाश्पारला थांबवलं, आत बोलावलं, कॉफी पाजली. कपाबरोबर बिस्किटंही ठेवली. गाश्पार घरी जाताना जिन्यात शीळ घालत उतरला.

नंतर कोणीतरी फोटो काढला. कोणी ते माहीत नाही. बिनकामाचा पर्यटक असेल, नाहीतर ज्याच्या बारमध्ये रांग लागत नाही असा इथलाच कोणी असेल. काउंटरच्या आत टोपीवाला म्हातारा, उघड्या हातानं थाळीतून उचलतोय. तो फोटो तुमच्यापर्यंत पोचला. तुमचा माणूस गुरुवारी आला. फेलिशाला दंड ठोठावला, आणि बजावलं की हा माणूस परत आत दिसला तर टाळं. त्याला बालेंदिन दाखवला. तो तिथंच होता, काचेला तळवा लावून. फेलिशा म्हणाली, "हा बघा. हा असा आहे. याला दुसऱ्या कशानं जेवता येत नाही." तुमचा माणूस म्हणाला, "मग घरी जेवू दे." एवढं बोलून त्यानं स्वतः एक ऑम्लेटचा तुकडा मागितला. फेलिशानं दिला. काय करणार, बार आहे.

फेलिशानं त्या रात्री गाश्पारला बोलावून सांगितलं, आणि सांगताना त्याच्याकडे बघितलं नाही. "मी त्याला आत नाही घेऊ शकत आता. माझ्याकडे तीन बायका काम करतात. टाळं लागलं तर त्या कुठं जातील?"

"मी काही म्हणालो का?" गाश्पार म्हणाला.

"म्हण ना. तू म्हणत नाहीस म्हणूनच जास्त लागतं."

चर्चमागच्या बारवाल्यानंही नकार दिला. त्याचं तर कानावर आलं तेव्हाच दार बंद झालं होतं. शुक्रवारी, शनिवारी बालेंदिननं काहीच खाल्लं नाही; आधीचे घास गेले नव्हते, त्यामुळं खिशातल्या काडीकडेही हात वळला नाही. रविवारी नाही. सोमवारी इदुर्रेनं एर्रेंतेरियाला फोन केला. फोन करून झाल्यावर तिनंच गाश्पारला हाक मारली आणि जिन्यातच, दिवा न लावता, म्हणाली, "काका, तुमचा काही दोष नाही." गाश्पारला वाटलं तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी गाश्पार तुमच्याकडे आला. त्यानं चांगला कोट घातला होता, बायकोच्या मयताला घातला होता तो. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं की तक्रार असेल तर लेखी द्या. तो म्हणाला, मला लिहायचं नाही, मला विचारायचं आहे. त्या म्हणाल्या, कोणाला. तो म्हणाला, ज्यांनी काच लावायला सांगितली त्यांना. त्या म्हणाल्या, ते भेटत नाहीत. तो तिथंच उभा राहिला. दुपार झाली. शेवटी तुम्ही वैतागून बाहेर आलात, जेवायला निघाला होतात म्हणून. अंगावर रेनकोट, हातात मोटारीची किल्ली.

"थोडक्यात सांगतो," तुम्ही म्हणालात. "ही काच सगळ्यांच्या तब्येतीसाठी आहे. गिऱ्हाइकानं मागायचं, मागणं काही आम्ही अवघड केलेलं नाही."

"मागायला तोंड लागतं," गाश्पार म्हणाला. "त्याच्या तोंडात शब्द नाहीत."

"मग बोट दाखवायचं."

"बोट दाखवायला आपल्याला काय हवंय ते कळावं लागतं. त्याला ते कळत नाही. त्याच्या हाताला कळतं. आणि हात तुम्ही बाहेर ठेवलाय."

"कोणीतरी भरवा."

"पोरगी भरवून थकली. मी भरवायला गेलो तर तो मला घाबरला. मला, साहेब. आम्ही एकाच बाकावरून उठून शाळा बुडवली."

तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. "एका माणसासाठी नियम बदलता येत नाही."

"बदलू नका. काच ठेवा, बाण ठेवा, काय ठेवायचं ते ठेवा. फक्त कॉफीच्या मशीनपाशी हातभर जागा सोडा. तेवढीच. किंवा मला सांगा की नाही सोडत, पण मग पुढचंही सांगा. रविवारी सकाळी त्याची पोरगी त्याला नेणार आहे, नाकात नळी घालायला. त्याचे दात शाबूत आहेत, पोट शाबूत आहे, भूक शाबूत आहे. तुम्हीच सांगा, या माणसानं जेवायचं कसं?"

तुम्ही किल्ली या हातातून त्या हातात घेतलीत.

"मी विचारतोय," गाश्पार म्हणाला. "त्यानं जेवायचं कसं? उत्तर द्या."